ऐरोलीतल्या घरात व्हीपीसीची लॅब: जून-जुलै २०२४ च्या नोंदी

१५ जून, शनिवार

महापेच्या एका डेटा सेंटरमध्ये मी नेटवर्क सांभाळते. गेल्या महिन्यात रात्रपाळीला ज्युनिअर मुलीने विचारलं, "मॅडम, पीअर-लिंक तुटली तर नक्की काय होतं?" व्हीपीसी म्हणजे दोन स्विचनी खालच्याला एकच असल्यासारखं दिसणं, आणि पीअर-लिंक ही त्या दोघांना आपसात जोडणारी तार. मी तोंडी सांगितलं, तिने मान डोलावली. पण तिला ते दिसलं नव्हतं. चालू स्विचवर केबल उपटून दाखवायची परवानगी कुणालाच मिळत नाही, मिळूही नये. म्हणून ही लॅब घरी उभी करतेय, आणि दुसऱ्या कुणाला करायची असेल तर माझे वाया गेलेले दिवस त्याचे वाचावेत म्हणून या नोंदी.

हवंय ते असं: खाली नेक्सस ९०००व्हीच्या (सिस्कोचा सॉफ्टवेअरमधला स्विच) दोन जोड्या, म्हणजे खालच्या थरातले चार स्विच, चार लीफ. प्रत्येक जोडीत व्हीपीसी. वर लीफना एकमेकांशी जोडणारे दोन स्पाइन, ते अरिस्टाच्या व्हीईओएसवर (हाही सॉफ्टवेअरमधला स्विच), कारण नेक्ससला मेमरी फार लागते. एका जोडीखाली एक ॲक्सेस स्विच (तोही व्हीईओएस) आणि दोन-तीन छोटे होस्ट, म्हणजे टोकाची यंत्रं.

आज लॅमिंग्टन रोडला जाऊन जुनं एचपी झेड४४० वर्कस्टेशन घेतलं. झिऑन ई५-२६८० व्ही४, १४ कोअर, २८ थ्रेड, ३२ जीबी मेमरी. ३४,५०० रुपये. डिस्क नव्हती, ५०० जीबीची एसएसडी ३,४०० ला वेगळी. ग्रँट रोडहून लोकलने आणायचा विचार होता, पण ते धूड उचलल्यावर लगेच टॅक्सी केली. ९०० रुपये.

कमांड आम्ही शिफ्टमध्ये बोलतो तशाच मी इथे लिहितेय. टाइप करताना त्या इंग्रजीतच करायच्या.

२२ जून, शनिवार

केव्हीएम आणि लिबव्हर्ट (लिनक्सवर आभासी मशीन चालवायची साधनं) मला सहज येतात, म्हणून साध्या उबुंटूवरच सुरुवात केली. वेगळं लॅब सॉफ्टवेअर कशाला, असं वाटलं. हा निर्णय पुढे महागात पडला.

पहिला नेक्सस उठेना. मी डिस्क नेहमीच्या सवयीने व्हर्टिओवर (आभासी मशीनसाठीची खास जोडणी) लावली होती आणि बायोस जुन्या पद्धतीचा ठेवला होता. नेक्सस ९०००व्हीला यूईएफआय (नव्या पद्धतीचा बायोस) लागतं, केव्हीएममध्ये ते म्हणजे ओव्हीएमएफ, आणि डिस्क सॅटावर. ओव्हीएमएफ लावलं, तर काळ्या पडद्यावर नुसता यूईएफआयचा 'शेल'. डिस्क सॅटावर नेली तेव्हा बूट सुरू झालं. नेटवर्क कार्ड ई१०००. कन्सोल सीरिअलवर येतो, व्हीजीएच्या खिडकीत बघत बसलात तर काहीच दिसणार नाही. मी पंधरा मिनिटं बसले होते.

दुसरं लक्षात ठेवायचं: मशीनला दिलेलं पहिलं कार्ड म्हणजे एमजीएमटी०, मॅनेजमेंटचं पोर्ट. इथरनेट १/१ दुसऱ्या कार्डापासून सुरू होतं. मी पहिल्यापासून मोजलं आणि सगळी जोडणी एका घराने सरकली. कागदावर दोन रकाने करा, डावीकडे कार्डाचा क्रमांक, उजवीकडे पोर्ट, आणि तो कागद समोर चिकटवा.

बूट झाल्यावर तो विचारतो, पीओएपी (नेटवर्कवरून आपोआप कॉन्फिग आणणं) थांबवायचं का: येस, स्किप की नो. नुसतं एंटर दाबलं की 'नो' धरलं जातं आणि तो डीएचसीपी शोधत राहतो. 'स्किप' द्यायचं.

२३ जून, रविवार

सकाळी मशीन रीस्टार्ट केलं आणि दोन्ही नेक्सस 'लोडर' असा प्रॉम्प्ट दाखवून थांबले. इमेज बिघडली असं समजून मी ती पुन्हा कॉपी करायला घेतली. तसं काहीच नव्हतं. पहिल्या वेळी तो आपोआप उठतो, पण पुढच्या वेळी कुठल्या फाइलवरून उठायचं ते त्याला आपण सांगावं लागतं.

उपाय: लोडरवर 'डीआयआर' द्या, बूटफ्लॅशमधली बिन फाइल दिसेल. 'बूट' लिहून तिचं पूर्ण नाव द्या. उठल्यावर कॉन्फिगमध्ये 'बूट एनएक्सओएस बूटफ्लॅश' आणि तेच नाव, मग 'कॉपी रन स्टार्ट'. स्विच पहिल्यांदा हातात आला की होस्टनेमच्याही आधी हे करा.

२४ ते २७ जून, चार रात्री

या चार रात्रींवर सविस्तर लिहितेय, कारण अख्ख्या कामातला सर्वात जास्त वेळ इथे गेला.

व्हीपीसी डोमेन, म्हणजे जोडीचा क्रमांक, १०. कीपअलाइव्ह, म्हणजे दोघं एकमेकांना 'जिवंत आहेस ना' अशी देतात ती हाक, एमजीएमटी० वरून, मॅनेजमेंट व्हीआरएफमध्ये (वेगळा राउटिंग तक्ता). तो पहिल्या फटक्यात उठला. पीअर-लिंकसाठी इथरनेट १/१ आणि १/२ एका पोर्ट-चॅनलमध्ये (अनेक तारांची एक मोळी), एलएसीपी (ती मोळी बांधायला दोन्ही टोकं आपसात बोलतात तो प्रोटोकॉल) ॲक्टिव्ह, दोन्ही बाजूंनी. पोर्ट-चॅनल खाली. समरीत दोन्ही पोर्टांपुढे कंसात छोटा 'एस', म्हणजे सस्पेंडेड.

पहिली रात्र कॉन्फिग ओळ-ओळ तपासण्यात गेली. ट्रंक, अलाउड व्हीलॅन, स्पॅनिंग-ट्रीचा नेटवर्क पोर्ट, सगळं जुळत होतं. दुसऱ्या रात्री दोन्ही स्विच पुसून पहिल्यापासून केलं. तोच 'एस'. तिसऱ्या रात्री एलएसीपी काढून पोर्ट-चॅनल 'मोड ऑन' केलं, तर लगेच वर, पिंगही चालू. म्हणजे तार जिवंत आहे. सीडीपीमध्ये (शेजारचा स्विच ओळखायची सिस्कोची पद्धत) शेजारी दिसत होता, तेव्हा तर माझी खात्रीच पटली की खालचं सगळं ठीक आहे आणि चूक माझ्याच एलएसीपीत आहे.

चौथ्या रात्री मी एलएलडीपी (सीडीपीसारखंच, पण सगळ्या कंपन्यांचं) लावलं. शेजारी दिसेना. सीडीपी दिसतं, एलएलडीपी दिसत नाही. इथेच डोक्यात प्रकाश पडायला हवा होता, पण रात्रीचा दीड वाजला होता आणि सकाळी सातची शिफ्ट. झोपले.

आणि गंमत नव्हे, दुःख याचं की स्विच पहिल्या रात्रीपासून स्पष्ट सांगत होता. इंटरफेसच्या पहिल्याच ओळीत लिहिलेलं होतं: सस्पेंडेड, नो एलएसीपी पीडीयूज. समोरून एलएसीपीची फ्रेमच येत नाहीये. मी ती ओळ चार रात्री वाचली आणि तिचा अर्थ 'तुझं कॉन्फिग चुकलंय' असा लावत राहिले.

२९ जून, शनिवार

सुट्टी. दुपारी शांतपणे होस्टवर, म्हणजे मूळ उबुंटूवर, टीसीपीडम्प (तारेवरून काय जातंय ते दाखवणारं साधन) लावला. नेक्सस-१ च्या टॅपवर (आभासी कार्डाचं होस्टकडचं टोक) एक खिडकी, त्याच तारेच्या दुसऱ्या टोकाला नेक्सस-२ च्या टॅपवर दुसरी. फिल्टर इथरटाइप ८८०९, म्हणजे स्लो प्रोटोकॉल, ज्यात एलएसीपी येतं.

डाव्या खिडकीत ठराविक अंतराने ओळ येत होती: एलएसीपी व्हर्जन १, लांबी ११०. उजव्या खिडकीत नेक्सस-२ ने स्वतः पाठवलेल्या फ्रेम होत्या, नेक्सस-१ च्या नव्हत्या. दोघंही बोलत होते आणि दोघांचं बोलणं मध्येच गिळलं जात होतं. मध्ये होता फक्त दोन टॅप जोडणारा लिनक्सचा ब्रिज.

कारण असं. ०१:८०:सी२:००:००:०० पासून ०एफ पर्यंतचे पत्ते एका तारेपुरते राखलेले आहेत. खऱ्या ब्रिजने ते पुढे पाठवायचे नसतात. एलएसीपीचा पत्ता त्यातला ०२, एलएलडीपीचा ०ई. लिनक्सचा ब्रिज प्रामाणिकपणे नियम पाळत होता. सीडीपीचा पत्ता सिस्कोचा स्वतःचा, या यादीबाहेरचा, म्हणून तो सुखरूप पोचत होता आणि मला चकवत होता. मी ज्याला 'तार' समजत होते ती तार नव्हतीच, तो मधे बसलेला तिसरा स्विच होता.

दुरुस्तीची पहिली खटपट फसली. ब्रिजला 'ग्रुप फॉरवर्ड मास्क' असतो, म्हणजे यातले कुठले पत्ते पुढे जाऊ द्यायचे ते सांगणारा आकडा. एलएलडीपीसाठी त्यात १६३८४ लिहिलं, ते घेतलं, शेजारी दिसला. एलएसीपीसाठी ४ लिहिलं तर 'इनव्हॅलिड आर्ग्युमेंट'. संपूर्ण ब्रिजच्या पातळीवर कर्नल ते करू देत नाही. मग त्याच नावाचा मास्क ब्रिजच्या प्रत्येक पोर्टवर वेगळा असतो हे सापडलं. तिथे ४ चालतं. दोन्ही हवे असतील तर बेरीज, १६३८८.

दोन्ही टोकांच्या टॅपवर लिहिलं. काही सेकंदांत पोर्ट-चॅनल समरीत 'एस' च्या जागी 'पी', म्हणजे पोर्ट वर. एवढा एक अक्षराचा बदल, पण मी खुर्चीतून उठून घरभर फिरून आले.

रात्री टी-२० वर्ल्ड कपची फायनल. भारत जिंकला तेव्हा अख्खी सोसायटी गॅलरीत होती. मी पण.

३० जून, रविवार

आनंद एक दिवस टिकला. स्विच बंद करून सुरू केला की टॅप नवा तयार होतो आणि मास्क परत शून्यावर. लिबव्हर्टच्या हुकमध्ये स्क्रिप्ट टाकून ते आपोआप करता येतं, मी केलंही. पण चार लीफ, दोन स्पाइन, एक ॲक्सेस, प्रत्येक तारेला एक ब्रिज, हे सगळं एक्सएमएलमध्ये सांभाळताना मी शिकवणार कधी? उद्या ज्युनिअरला स्वतः तार जोडायची असेल तर तिने काय करायचं?

ठरवलं: इव्ह-एनजी, म्हणजे नेटवर्क लॅबचं तयार सॉफ्टवेअर, त्याची कम्युनिटी (मोफत) आवृत्ती. तिच्या कर्नलमध्ये हे आधीच सुधारलेलं आहे. दोन नोड्समध्ये, म्हणजे दोन आभासी स्विचमध्ये, थेट तार ओढली की एलएसीपी जातं. चार रात्री वाया गेल्या असं मात्र म्हणणार नाही, कारण खाली काय चालतं ते आता मला माहीत आहे.

६ जुलै, शनिवार

इव्ह थेट मशीनवर टाकलं, विंडोजवरच्या व्हीएमवेअरमध्ये नाही. व्हीएममध्ये व्हीएम चालवायची तर नेस्टेड व्हर्च्युअलायझेशन चालू करावं लागतं आणि वेगही जातो. माझ्याकडे वेगळं मशीन आहे तर तो खटाटोप कशाला. लॅपटॉपवर करणाऱ्यांनी मात्र आधी प्रोसेसरची व्हीटी-एक्स सोय आत पोचतेय का ते बघावं. ती नसेल तर नेक्सस तासभर बूट होत बसेल.

इमेज टाकताना दोन गोष्टी काटेकोर. फोल्डरचं नाव 'एनएक्सओएसव्ही९के' आणि पुढे डॅश, नंतर आवृत्ती, असंच सुरू व्हायला हवं, कारण इव्ह त्यावरून साचा ओळखतो. आतल्या डिस्कचं नाव 'सॅटा' ला चिकटून 'ए', क्यूकाऊ२. मी डिस्कचं मूळ नाव तसंच ठेवलं होतं, नोड सुरू व्हायचा आणि दोन सेकंदांत बंद. शेवटी 'फिक्सपरमिशन्स' चालवायला विसरू नका. अरिस्टाचं यापेक्षा सोपं गेलं. पहिल्या बूटनंतर 'झिरोटच कॅन्सल' दिलं की एकदा रीबूट होतो आणि मग निवांत.

रूट आणि ॲडमिनचे ठरलेले पासवर्ड लगेच बदलले. घरच्या वायफायवर आहे, तरी.

संध्याकाळी पहिली जोडी थेट तारांनी जोडली. एलएसीपी विनातक्रार वर.

८ जुलै, सोमवार

पहाटेपासून धो-धो. लोकल ठप्प, शिफ्ट बदलून दुपारची मिळाली. म्हटलं चला, चारही लीफ लावू.

चार नेक्सस, प्रत्येकी ८ जीबी, म्हणजे ३२. मशीनमध्येच ३२. मी आशेवर होते की मेमरीची एकसारखी पानं कर्नल एकत्र करेल आणि भागेल. पण ते एकत्र करणं हळूहळू होतं, आणि चौघं एकदम उठताना मेमरी एकदम लागते. तिसरा उठेपर्यंत स्वॅप भरला, चौथ्याच्या वेळी कर्नलने पहिल्यालाच मारून टाकलं. कन्सोल नुसता गोठला, काही संदेश नाही. होस्टच्या डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदी) 'आउट ऑफ मेमरी' दिसलं तेव्हा कळलं.

दोन बदल. एक, चौघांना एकदम सुरू करायचं नाही. नोडच्या सेटिंगमध्ये सेकंदांत 'डिले' देता येतो, मी ०, १८०, ३६०, ५४० असा दिला. दोन, मेमरी वाढवायची. तोवर एकच जोडी.

दुपारी पावणेबाराला लाइट गेली. यूपीएस नव्हता. दुसऱ्या जोडीचं सकाळभर केलेलं कॉन्फिग मी सेव्ह केलं नव्हतं. अडीच तासांचं काम. आल्यावर बघते तर त्यातला एक स्विच लोडरवर, कारण त्याची बूटची ओळही सेव्ह झाली नव्हती. २३ जूनला मी स्वतःच लिहून ठेवलेलं, आणि स्वतःच पाळलं नाही. यूपीएस ऑर्डर केला, ३,२०० रुपये.

१३ जुलै, शनिवार

मेमरीची चूक पूर्ण माझी. दुकानात फोनवर "डीडीआर४, १६ च्या दोन" एवढंच सांगितलं. आल्या त्या साध्या डेस्कटॉपच्या, अनबफर्ड. आत आधीपासून रजिस्टर्ड ईसीसी होत्या. दोन्ही एकत्र चालत नाहीत. मशीनने नुसते बीप दिले, पडद्यावर काही नाही. मला आधी वाटलं बोर्डच गेला. जुन्या कांड्या एकट्या लावल्या तेव्हा उठलं आणि जिवात जीव आला.

कांडीवरच्या लेबलवर वेगाच्या आकड्यानंतर जो डॅश येतो, त्याच्या लगेच पुढे एक अक्षर असतं. 'आर' म्हणजे रजिस्टर्ड, 'यू' म्हणजे अनबफर्ड. फोनवर मागताना ते अक्षर सांगा. दुकानदार काका भले, बदलून दिल्या, ६०० रुपये कापले. रजिस्टर्ड १६ च्या दोन, ४,८०० ला. आता ६४ जीबी. चार नेक्ससचे ३२, तीन व्हीईओएसना प्रत्येकी ४, एकूण ४४. श्वास घ्यायला जागा आहे.

आजवरचा खर्च: ३४,५०० + ३,४०० + ९०० + ३,२०० + ४,८०० + ६०० = ४७,४०० रुपये. वीज वेगळी. सगळं चालू असताना मशीन १५० वॅटच्या आसपास खातं, म्हणजे दिवसाला ३.६ युनिट. म्हणून वापर नसेल तेव्हा बंद.

१७ जुलै, बुधवार

आषाढी एकादशी. आईंचा, म्हणजे सासूबाईंचा, उपास. साबुदाण्याची खिचडी खाऊन स्पाइनला बसले.

ओएसपीएफ (स्विचनी एकमेकांना रस्ते सांगायची पद्धत) लावलं, शेजारीच दिसेना. अरिस्टावर 'आयपी राउटिंग' मुळात बंद असतं, ते चालू करावं लागतं. केलं. आता शेजारी दिसला, पण 'एक्सस्टार्ट' मध्ये अडकून राहिला. ही खूण माझ्या ओळखीची: एमटीयू, म्हणजे एका पॅकेटचा कमाल आकार, जुळत नाही. नेक्ससवर मी सवयीने ९२१६ लावलं होतं. अरिस्टावर माझी मजल ९२१४ पर्यंत. दोन बाइटांनी अख्खं राउटिंग अडवलं. दोन्हीकडे ९००० केलं आणि काही क्षणांत 'फुल'. ८९७२ चा पिंग, डीएफ-बिट ('तुकडे करू नका') लावून, या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. वर २८ बाइट हेडर धरून बरोब्बर ९०००.

खऱ्या कामातही दोन कंपन्यांचे स्विच जोडताना हेच होतं, म्हणून ही चूक लॅबमध्ये मुद्दाम परत करून दाखवायची यादीत लिहिली.

२१ जुलै, रविवार

आज मी एकटीनेच तालीम केली. बरं झालं केली.

ॲक्सेस स्विचवरून दोन तारा, एक नेक्सस-१ ला, एक नेक्सस-२ ला, दोन्ही मिळून एक पोर्ट-चॅनल. ॲक्सेसवर एलएसीपीचा शेजारी बघितला. दोन्ही पोर्टांवर समोरच्याचा सिस्टम आयडी एकच: ००२३.०४ईई.बीई०ए. शेवटचं '०ए' म्हणजे हेक्साडेसिमलमध्ये लिहिलेला आमचा डोमेन क्रमांक १०. दोन वेगळे स्विच खालच्याला एकच वाटतात हे आपण शिकवताना शब्दांत सांगतो, ते इथे एका ओळीत लिहिलेलं दिसतं. दोन शेजारच्या जोड्यांना एकच डोमेन क्रमांक का द्यायचा नाही, तेही याच ओळीतून कळतं.

मग पीअर-लिंक तोडली. इव्हच्या कम्युनिटी आवृत्तीत चालू नोडची तार ओढून काढता येत नाही, म्हणून दोन्ही बाजूंनी पोर्ट-चॅनल 'शट'. सेकंडरीने, म्हणजे जोडीतल्या दुय्यम स्विचने, आपले व्हीपीसी पोर्ट सस्पेंड केले, ठरल्याप्रमाणे. पण होस्टचा पिंग थांबला. पाच सेकंद, दहा, तीस. मोबाइलवर घड्याळ लावलं, ७१ व्या सेकंदाला पिंग परत आला.

७१ सेकंद! खऱ्या स्विचवर असं झालं तर रात्री माझा फोन वाजायचा थांबणार नाही. हे व्हीपीसीचं वागणं नव्हतं. पुन्हा केलं आणि या वेळी ॲक्सेस स्विचकडे बघत बसले. सेकंडरीने पोर्ट पाडला, तरी ॲक्सेसचा पोर्ट वरच होता. खऱ्या केबलमध्ये समोरचा पोर्ट पडला की लेझर बंद होतो आणि या टोकाला लगेच कळतं. इथे मध्ये लेझर नाही, समोरचं मेल्याचं कुणी सांगत नाही. ॲक्सेसला कळतं ते एलएसीपीच्या फ्रेम येणं थांबल्यावर. दर ३० सेकंदांना एक फ्रेम, तीन चुकल्या की मुदत संपते, म्हणजे शेवटच्या फ्रेमनंतर ९० सेकंद. शट करण्याआधी शेवटची फ्रेम कधी आली होती त्यावर साधारण ६० ते ९० च्या मध्ये कुठेही. माझे ७१ त्यात बसतात. तोवर ॲक्सेस आपला काही ट्रॅफिक मेलेल्या तारेत टाकत राहतो.

ॲक्सेसच्या दोन्ही पोर्टांवर एलएसीपीचा टायमर 'फास्ट' केला. आता समोरचा दर सेकंदाला फ्रेम पाठवतो आणि तीन सेकंदांत निकाल लागतो. तीन-चार पिंग गेले, बाकी चालू.

हे मुलांना आधीच सांगायचं. नाहीतर व्हीपीसीला सावरायला मिनिटभर लागतं असं मनात बसेल आणि खऱ्या बिघाडाच्या वेळी ती मिनिटभर वाट बघत बसतील. लॅब काय होतं ते खरं दाखवते. किती वेळात होतं ते खरं दाखवत नाही.

२८ जुलै, रविवार

सकाळी दहाला शिफ्टमधली दोघं घरी आली, ती ज्युनिअर मुलगी आणि गेल्या वर्षी लागलेला मुलगा. ती दिघ्याहून, तो कोपरखैरण्याहून. आईंनी पोहे केले. ऑफिसात 'मॅडम' म्हणणारी मुलगी चहा पिता पिता 'ताई' वर आली.

पहिल्या तासात मी काही शिकवलं नाही. तिला म्हटलं, "तू तोड." तिने कीबोर्डवर हात ठेवला आणि थांबली. "ताई, नक्की ना?" "अगं, त्यासाठीच आहे ही."

पहिला प्रयोग, फक्त कीपअलाइव्ह तोडला, एका बाजूचा एमजीएमटी० शट. सेकंदाला एक हाक, पाच सेकंद उत्तर नाही की तो कीपअलाइव्ह मेला असं धरतो. पिंग चालू, पोर्ट चालू, फक्त एक ओळ लाल. मुलगा म्हणाला, "म्हणजे काहीच नाही झालं." मी म्हटलं, तसंच ठेव. आता पीअर-लिंक तोड.

तोडली. आता दोघांनाही दुसऱ्याची काहीच खबर नाही. सेकंडरीच्या रोलमध्ये 'ऑपरेशनल प्रायमरी' आलं. दोघंही स्वतःला मुख्य समजतात. पिंग मात्र चालूच होता, आणि हेच मला दाखवायचं होतं. रात्री एखादा छोटा अलार्म येतो, कीपअलाइव्ह गेल्याचा, आणि ट्रॅफिक चालू आहे म्हणून आपण तो सकाळवर ढकलतो. त्या अवस्थेत दुसरी चीज तुटली की असं होतं. मुलगा काही बोलला नाही, वहीत लिहीत राहिला.

सगळं पूर्ववत करून दुसरा प्रयोग. कीपअलाइव्ह जिवंत, पीअर-लिंक तोडली. सेकंडरीने व्हीपीसी पोर्ट पाडले, एसव्हीआय (व्हीलॅनमधून बाहेर जायचं दार) पाडले. ॲक्सेसखालच्या होस्टचे तीन पिंग गेले आणि परत सुरू. मुलीने टेबलावर हात आपटला, "दिसलं!"

मग तिची नजर चौथ्या खिडकीवर गेली. तिथे एक होस्ट मी मुद्दाम एकाच तारेने फक्त सेकंडरीला जोडला होता आणि कुणाला सांगितलं नव्हतं. त्याचा पिंग थांबला तो थांबलाच. एक मिनिट, दोन मिनिटं. पोर्ट वर आहे, पण ज्याच्यामार्फत बाहेर जायचं तो एसव्हीआयच पडलाय.

"ताई, हा का नाही येत?"

"तूच बघ, कुठे जोडलाय तो."

तिने आराखडा बघितला, पाच-सात सेकंद गप्प. मग म्हणाली, "आपल्याकडे तिसऱ्या रांगेत ते जुने दोन सर्व्हर आहेत ना, एका केबलवर चालणारे. ते कुठल्या स्विचला आहेत?"

मला माहीत नव्हतं. 'शो व्हीपीसी ऑर्फन-पोर्ट्स' ही कमांड तिला लॅबमध्ये चालवून दाखवली. एकाच स्विचला लटकलेले पोर्ट त्यात येतात. ही कमांड नुसतं दाखवते, काही बदलत नाही, त्यामुळे चालू स्विचवरही बिनधास्त देता येते.

रात्री नऊ वाजून दहा मिनिटांनी तिचा मेसेज आला. तिची रात्रपाळी होती. दोन सर्व्हर नाहीत, पाच पोर्ट निघाले, त्यातले तीन सेकंडरीवर. यादी रॅक क्रमांकासकट पाठवली होती. उद्या चेंजची विनंती टाकतेय, दुसऱ्या केबलसाठी. विनंती तिच्या नावावर.